मे महिन्यातलं ब्लँकेट

डिसेंबर लागला की खान्देशातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक फोटो ठरलेला असतो. पाच-सहा जणांनी मिळून एकच ब्लँकेट धरलेलं, मधोमध एक आजोबा, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे आणि खाली ओळ : ‘गरजूंना मायेची ऊब’. यात टिंगल करण्यासारखं काही नाही. धुळ्याच्या बसस्थानकावर ज्याने जानेवारीची पहाट काढली आहे, त्याला विचारा त्या ब्लँकेटची किंमत. माझी तक्रार वाटणाऱ्यांविषयी नाही, कॅलेंडरविषयी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा हेच आजोबा कुठे असतात? पाणपोया लागतात, एखादं मंडळ मठ्ठाही वाटतं. पण दुपारी बारा ते पाच अंग टाकायला सावलीची जागा कोणी द्यायची? सावली हातात धरून फोटो काढता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात जळगाव स्टेशनबाहेर एका आजीला नवं ब्लँकेट मिळताना पाहिलं. आधीची दोन तिच्या गाठोड्यात होतीच. तिने घडी चाचपली, प्लास्टिकची पिशवी नीट दुमडली आणि विचारलं, “भाऊ, हाई ठेवू कथा?” तोवर देणारे पुढच्या माणसाकडे सरकले होते. घर नसलेल्याला वस्तू मिळाली की तिची राखण गळ्यात पडते. गाठोडं सांभाळत बसावं तर मजुरी बुडते, मजुरीला जावं तर संध्याकाळी गाठोडं जागेवर सापडेल याची खात्री नाही.

‘ठेवू कुठे’ या प्रश्नाचं उत्तर खरं तर देऊन झालेलं आहे. दिल्लीत ऐन थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नहक्काच्या जुन्या याचिकेतच निवाऱ्याचा विषय हाती घेतला. मोठ्या शहरांना सांगितलं, दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, आणि तो वर्षभर, चोवीस तास उघडा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हाच हिशेब उचलला : लाखामागे किमान शंभर माणसांची कायमची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार, धुळ्याची पावणेचार लाख. म्हणजे जुन्या आकड्यांवरही जळगावच्या वाट्याला चार निवारे येतात आणि धुळ्याच्या वाट्याला तीन.

यातला ‘चोवीस तास’ हा शब्द खान्देशाने सोडता कामा नये. रात्री उघडून सकाळी सातला माणसांना बाहेर काढणारा निवारा उत्तरेच्या थंडीत अर्धंमुर्धं काम भागवत असेल. आमच्याकडे जीव घेणारी वेळ दुपारची आहे. शिवाय रात्रपाळी करणारा हमाल आणि लग्नाच्या पंगतीनंतर पहाटेपर्यंत भांडी घासणारी बाई झोपणार दिवसाच.

हो, ही माणसं कामं करतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या बेघरांसाठी अन्न-पाणी, निवारा आणि स्वच्छतागृहं मागणारी ब्रिजेश आर्य यांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा बेघरांनीही देशासाठी काम करायला हवं, सगळंच सरकार पुरवू शकत नाही, अशा आशयाचं मत न्यायालयाने मांडलं. त्यावर जळगावकराने आपल्या एमआयडीसीकडे बघावं. प्लास्टिकच्या चटयांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे आणि या धंद्यात जुनं प्लास्टिक दळून केलेले दाणे वापरतात. ते प्लास्टिक उकिरड्यावरून पोत्यात येतं ते वेचणाऱ्यांच्या हातून. त्यातले किती जण रात्री उघड्या फरशीवर झोपतात, हे स्टेशन रोडला अकरानंतर चक्कर मारली की दिसतं.

आणि प्रश्न नुसत्या झोपेचाही नाही, जिवाचा आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. पोटासाठी मंगळवेढ्याकडून फिरतीवर आलेली ही माणसं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, तर जमाव तिथेही घुसला. अफवा मोबाइलवरून आली होती, पण ती रुजायला जमीन आधीच तयार होती : ज्याचा पत्ता माहीत नाही तो संशयित. हा संशय कायद्यातही बसला आहे. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यानुसार उपजीविकेचं दिसतं साधन नसलेला, सार्वजनिक ठिकाणी भटकणारा माणूसही ‘भिकारी’ ठरू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरती या कायद्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा उभाच आहे. म्हणजे एका कागदाने ज्याला छप्पर द्यायचं, त्यालाच दुसऱ्या कागदाने उचलून न्यायचं.

मग आपण करायचं काय? पहिलं काम मतदार यादीचं. घर नसलेल्यालाही मतदार होता येतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ भरायचा आणि झोपायची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन हा माणूस खरोखर इथेच झोपतो का, हे पाहून जातो. पुलाखाली झोपणाऱ्या पन्नास जणांची नावं वॉर्डाच्या यादीत चढली की त्या पुलाकडे नगरसेवकाची गाडी आपोआप थांबू लागते. हे अर्ज भरून घ्यायला दोन कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं पुरतील.

दुसरं काम हिशेब मागायचं. छपराच्या योजनेचं काय होऊ शकतं, हे जळगावला नव्याने सांगायला नको. शहरातल्या घरकुल योजनेच्या घोटाळ्याची फिर्याद झाली २००६ साली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं ते २०१९ मध्ये, त्यावरही अपिलं झाली. निकालाची तारीख पडत राहिली तरी रात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून पैसे खर्च होण्याआधीच विचारायला हवं : बेघरांची रात्रीची पाहणी कधी झाली, निवाऱ्यासाठी किती तरतूद केली, निवारा दुपारी उघडा असतो का, बायकांसाठी आणि सबंध कुटुंबासाठी वेगळी सोय आहे का, सामान ठेवायला कुलपाचा कप्पा आहे का? माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. एका ब्लँकेटच्या पैशात असे किती अर्ज होतील, ते मंडळांनीच मोजावं.

ब्लँकेट वाटायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून ते सोपं आहे. निवाऱ्याला ठराव लागतो, आणि ठराव मागितल्याशिवाय होत नाही. महापालिकांचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, नेमकं थंडी सरताना, वाटपाचे बॅनर गुंडाळून झाल्यावर. थंडीभर राबलेल्या मंडळांनी त्या एका सभेलाही यावं, शंभर जणांनी यावं, आणि तेव्हाही फोटो जरूर काढावा.