चाळीस शब्दांतील भाषासमिती

वाणी हित, मित आणि प्रिय असावी, असे जैन परंपरा सांगते. बोलणे ऐकणाऱ्याच्या हिताचे, मोजके आणि गोड असावे. पाच समितींपैकी भाषासमितीचा हाच आशय आहे. स्पॅनिश भाषेच्या परीक्षेत एक छोटी घरगुती चिठ्ठी लिहावी लागते, तेथे नेमकी याच तीन गुणांची कसोटी लागते.

‘देले’ या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा १९९१ साली स्थापन झालेली स्पेनची सेर्वान्तेस संस्था घेते. भारतात या संस्थेचे केंद्र नवी दिल्ली येथे आहे. ए-१ या पहिल्या पातळीवर लेखनासाठी २५ मिनिटे असतात. तेवढ्या वेळात एक अर्ज भरावयाचा आणि ३० ते ४० शब्दांचा एक निरोप लिहावयाचा. वाचन व लेखन मिळून ५० गुणांपैकी ३० मिळविणे आवश्यक असते.

पेढीवरच्या पत्रव्यवहाराचे वळण घरातून मिळालेल्या मुलांना अडचण येते ती येथेच. स्पॅनिशमध्ये आदरार्थी संबोधन ‘उस्तेद’ असे आहे. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या शब्दांपासून ते घडले. मित्राला मात्र ‘तू’ म्हणावयाचे. उच्चार आणि अर्थ दोन्ही मराठीप्रमाणेच. एकदा ‘तू’ म्हटले की शेवटपर्यंत ‘तू’च ठेवावे. नावानंतर स्वल्पविराम न देता अपूर्णविराम द्यावा. प्रश्नाच्या आरंभी उलटे प्रश्नचिन्ह घालावे. स्पेनच्या राजअकादमीने १७५४ मध्ये घालून दिलेला हा दंडक आजही पाळला जातो. शेवटी ‘आपला विश्वासू’ न लिहिता ‘उन आब्रासो’, म्हणजे ‘एक आलिंगन’, लिहून निरोप घ्यावा.

हे नियम आठवड्याभरात अंगवळणी पडतात. खरा प्रश्न मजकुराचा आहे. समजा, मैत्रिणीने रात्रीच्या भोजनाला बोलाविले आहे आणि तिला उत्तर द्यावयाचे आहे. अनेक विद्यार्थी अशा वेळी पाठ केलेला मजकूर उतरवितात : ‘मला पाएया फार आवडते, मी नक्की येईन.’ पाएया हा मांस किंवा मासळी घालून केलेला भात असतो. परीक्षक सत्यासत्य तपासत नाही. व्याकरण बरोबर असले की गुण मिळतात. परंतु उद्या शिक्षणासाठी वा व्यापारासाठी स्पेनला गेल्यावर हीच चिठ्ठी खरोखर लिहावी लागेल, आणि ओठांवर बसलेले तेच वाक्य ताटात उतरेल.

तेथे ‘कार्ने’, म्हणजे मांस, खात नाही एवढेच सांगून भागत नाही. मासळी त्या शब्दात येत नाही असे पुष्कळांना वाटते. नेहमीच्या मिश्र सॅलडमध्ये ट्यूना मासा व अंडे सर्रास असते, आणि ‘तोर्तिया’ तर अंडी व बटाट्यांचीच होते. रात्रीचे जेवण नऊ-दहाला, दुपारचे दोन-तीनला. हे ध्यानी घेऊन लिहिलेली चिठ्ठी अशी होईल :

‘ओला, आमीगा: मूचास ग्रासियास पोर तू इन्वितासिओन. सोय हाइनिस्ता इ नो कोमो कार्ने, पेस्कादो नी उएवोस. ताम्पोको कोमो दे नोचे. ¿पोदेमोस कोमेर एल दोमिंगो आ लास दोस? यो येवो एल पोस्त्रे. उन आब्रासो.’ खाली स्वतःचे नाव.

अर्थ असा : ‘मैत्रिणी, निमंत्रणाबद्दल खूप आभार. मी जैन आहे. मांस, मासे आणि अंडी खात नाही. रात्रीही जेवत नाही. आपण रविवारी दुपारी दोन वाजता जेवू या का? गोड पदार्थ मी आणते. एक आलिंगन.’

नावासह हे चौतीस शब्द झाले. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी ‘नी पातातास’ हे दोन शब्द वाढवावेत. तरीही मर्यादा सांभाळली जाते.

या चिठ्ठीत क्षमायाचना नाही, उपदेश नाही आणि तत्त्वज्ञानाचे विवेचनही नाही. आभार आधी आले, म्हणून ती प्रिय झाली. काय चालत नाही ते स्पष्ट सांगितले, म्हणून यजमानीण ऐनवेळी अवघडत नाही. सोयीची वेळ सुचविली आणि एक पदार्थ स्वतःकडे घेतला, म्हणून तिचा भारही हलका झाला. हे हित. मित राहण्याची काळजी शब्दमर्यादेनेच घेतली.

घरी कोणी स्पॅनिश शिकत असेल, तर त्याने पाठ केलेली चिठ्ठी एकदा मराठीत सांगावयास लावावी. तीत स्वतःच्या घरचे ताट दिसत नसेल, तर परीक्षेपूर्वीच ती नव्याने लिहावी. व्रत परदेशातही निभते. मात्र ते तेथील भाषेत, वेळेवर आणि गोड शब्दांत सांगता आले पाहिजे.