कॅल्शियम जास्त आलं, तर बरंच झालं?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या आत्याबाईंचा (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा जाऊबाई चटकन म्हणाल्या, "कॅल्शियम जास्त आलंय ना? मग बरंच की! हाडं घट्ट झाली असतील." खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. आपल्या कानावर आयुष्यभर 'कॅल्शियम कमी पडतं' एवढंच आलेलं असतं. ते जास्त झालं तर माणूस अंथरुणाला खिळतो, हे कोण सांगणार?

त्याआधीचे दोन-तीन आठवडे आठवले की माझी मलाच लाज वाटते. आत्याबाईंना सारखी तहान लागायची. धाराशिवचा एप्रिल-मे, माठ दोनदा भरावा लागतो, तेव्हा तहान लागणारच असं आम्ही म्हटलं. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायच्या. शौचाला साफ होईना, तर मी इसबगोल दिलं. भाकरी नको, वरण नको, नुसती मळमळ. मग एक दिवस त्यांनी माझ्या मुलीला वन्संच्या नावानं हाक मारली आणि कितीतरी वेळ तिच्याशी तसंच बोलत राहिल्या. "वय झालं आता," असं घरातले म्हणाले. साखर तपासली, ती ठीक निघाली. डॉक्टरांनी कॅल्शियम तपासायला लावलं, ते १३.४ आलं. साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम हे ठीक धरतात, प्रयोगशाळेप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

आम्ही त्यांना सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात जेवढी औषधं आहेत, तेवढी सगळी आणलीत का?" पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली, आणि उत्तर त्या पिशवीतच होतं.

गुडघे दुखतात म्हणून आत्याबाईंना ड जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली होती, ६०,००० युनिटची, आठवड्यातून एकदा. त्याच चिठ्ठीवर कॅल्शियमची गोळी रोजची होती. मी बी. ए. झालेली, अर्धा दिवस शाळेत शिकवणारी बाई, दोन्ही ओळी एकत्र वाचून रोज रात्री दुधातून पुडी देत राहिले. संपल्या की दुकानातून चिठ्ठी न दाखवता आणखी आणल्या. २८ दिवसांत २८ पुड्या म्हणजे १६ लाख ८० हजार युनिट! चार पुड्यांचे झाले असते २ लाख ४० हजार.

पण तेवढ्यावर भागलं नव्हतं. त्यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणाऱ्या जातीची होती. या जातीच्या काही गोळ्या कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाहीत. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन ही नावं तुमच्या घरातल्या पाकिटावर असतील, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र मनानं गोळी बंद करू नका, रक्तदाब चढला तर ते दुसरं संकट. आणि शेवटी निघाला चुना. दिवसाला आठ-दहा पानं तर होतीच. वर शेजारणीनं सांगितलं म्हणून रोज सकाळी गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून! चुना म्हणजे कॅल्शियमच, तेही अल्कलीसकट. फार चुना लावून पान खाणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम चढल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. पित्तासाठी कॅल्शियमच्या गोळ्या येता-जाता चघळणाऱ्यांचंही तसंच होतं. एकट्या चुन्यानं आत्याबाईंना कदाचित काही झालं नसतं. पण इथं चारही वाटांनी पाणी एकाच हौदात पडत होतं.

आता जरा शास्त्र. आपल्या गळ्यात थायरॉईडच्या मागे बहुधा चार बारीक ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या हाडांतून थोडं काढून रक्तात सोडायला लावतात. गंमत म्हणजे या ग्रंथी पहिल्यांदा नजरेस आल्या त्या भारतीय गेंड्याच्या गळ्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ साली मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली होती. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. कधी कधी यातली एखादी ग्रंथी फुगते आणि गरज नसतानाही हाडांतून कॅल्शियम उपसत राहते. म्हणून जाऊबाईंचं म्हणणं नेमकं उलटं: रक्तात कॅल्शियम वाढतं, तेव्हा हाडं पोकळ होत असू शकतात. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, त्यातही पाळी गेल्यानंतर. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात तरुण माणसंही बरीच होती, आणि ती आली होती हाडांची दुखणी आणि मुतखडे घेऊन. तेव्हा वारंवार मुतखडा होतो किंवा साध्या धडपडीनं हाड मोडतं, अशा माणसाचं कॅल्शियम एकदा बघून घ्यावं.

कॅल्शियम वाढलेलं दिसलं की डॉक्टर याच ग्रंथीच्या हार्मोनची, पी.टी.एच.ची, तपासणी सांगतात. ती टाळू नका, सगळा निवाडा तिथंच होतो. कॅल्शियम वर असून पी.टी.एच.ही वर किंवा न उतरलेलं असेल, तर संशय ग्रंथीवर. त्यावर शस्त्रक्रियेनं कायमचा इलाज होऊ शकतो. कुणाला नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. पी.टी.एच. खाली असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं. औषधं, ड जीवनसत्त्व, क्षयरोग, फार वाढलेला थायरॉईड, आणि हो, कॅन्सरही. हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण लपवून काय उपयोग? मोठ्या रुग्णालयात भरती असलेल्यांत ते एक नेहमीचं कारण आहे. आत्याबाईंचं पी.टी.एच. खाली आणि ड जीवनसत्त्व मोजपट्टीच्या बाहेर, त्यामुळे आमचा शोध लवकर संपला.

आकडा थोडासाच वर असेल, तर घाबरू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असलं किंवा रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधलेला असला, तरी तो वर दिसतो. पाणी पिऊन पुन्हा तपासावं. अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचा आकडाही सोबत बघावा लागतो. पण उलट्या, झापड, असंबद्ध बोलणं सुरू असेल, तर उद्यावर ढकलू नका. १४ च्या वर आकडा गेला तर तातडीनं भरती व्हावं लागतं.

आत्याबाईंना पाच दिवस सलाइन लावलं, थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. पुडी, कॅल्शियम, चुना सगळं बंद, आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलली. मात्र ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं, एका दिवसात उतरत नाही. चार महिने रक्त तपासत राहावं लागलं.

हे सगळं कळल्यावर शेजारच्या बायकांनी मला जे विचारलं, तेही सांगते. भूमचा खवा, कुंथलगिरीचा पेढा खायचा की नाही? निरोगी माणसानं खुशाल खावा (साखरेचं ज्यानं त्यानं बघावं). दूध, तीळ, नाचणी यांनी कॅल्शियम असं चढत नाही, जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर बसतो, त्याचं काय? त्यानंही चढत नाही, थराला लिंबू नाहीतर चिंच लावा. पण ज्यांचं आधीच चढलेलं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खाणं ठरवावं. पाणी भरपूर प्यावं, फक्त हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही विचारून. आणि पडून राहू नये, पडून राहिलं की हाडांतलं कॅल्शियम आणखी सुटतं.

आमच्या घरी आता कॅलेंडरवर गोळ्यांच्या खुणा असतात, आणि चिठ्ठी वाचायचं काम माझ्याबरोबर आठवीतला मुलगाही करतो. आत्याबाई माझ्या मुलीला तिच्याच नावानं हाक मारतात. पान त्यांनी सोडलेलं नाही. नुसतं पान-बडीशेप तोंडात टाकतात आणि "ह्याला काय पान म्हणायचं?" असं दिवसातून तीनदा मला ऐकवतात. चुन्याची डबी मी माळ्यावर टाकली आहे, आणि ती कुठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.