परवाना अठराव्या वर्षीच, पण टप्प्याटप्प्याने

19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालक 17 वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि महाराष्ट्र खवळला. तो संताप रास्त होता. मात्र अशा प्रत्येक अपघातानंतर जे उपाय नि आक्षेप हिरिरीने मांडले जातात, ते एकेक करून तपासले तर फार काळ टिकत नाहीत.

पहिली मागणी असते, परवान्याचे वय 21 करा. कोवळ्या वयात धाडसाची खुमखुमी जास्त असते, हे खरेच. पण नवखेपण वाढदिवसांनी जात नाही, गाडी चालवूनच जाते. एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा हँडल धरणाराही नवशिकाच असतो. शिवाय संध्याकाळनंतर एसटी नसलेल्या गावातून एमआयडीसीत कामाला जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा वय वाढवले म्हणून घरी बसणार नाही. तो विनापरवाना जाईल, आणि अपघात झाला की विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू पाहील. वयाच्या अटीचे काय होते याचा दाखला आपल्या कायद्यातच आहे. 16 व्या वर्षी 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची मुभा आहे. लूनाच्या काळात तिला अर्थ होता. आज शोरूममध्ये उभ्या असतात 110 आणि 125 सीसीच्या स्कूटर, आणि अकरावी-बारावीची मुले क्लासला त्यांवरूनच जातात. सोळाची अट पाळली जात नाही, तिथे एकविसाची पाळली जाईल असे मानायचे तरी कशाच्या जोरावर?

दुसरी मागणी, आईबापांना आत टाका. ती तरतूद 2019 च्या दुरुस्तीनेच आली आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. ही तरतूद राहावी, कठोरपणे वापरलीही जावी. पण तिची हद्द अठराव्या वाढदिवसाला संपते. त्यानंतर शिकाऊ परवाना काढायचा, तीस दिवस थांबायचे, मैदानात आठचा आकडा काढून दाखवायचा, की पक्का परवाना हातात. आता त्याच मुलाने रात्री दोन वाजता ट्रिपलसीट महामार्ग गाठला, तरी हेल्मेट नि ट्रिपलसीटच्या शिक्षेपलीकडे कायद्याला त्यात काही खटकत नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 वयातली होती. ‘अल्पवयीन’ या एकाच शब्दावर सारा राग काढून या मृत्यूंचा हिशेब लागत नाही.

तिसरा आक्षेप तरुणांच्या बाजूने येतो. अठराव्या वर्षी मत चालते, मग गाडीवरच बंधन का? मतदान हा वयाने मिळणारा हक्क आहे, वाहन चालवणे ही कौशल्याने मिळवायची परवानगी आहे. आणि टप्प्यांचे तत्त्व आपल्या कायद्याला नवे नाही. व्यावसायिक वाहनासाठी वयाची अट 20 आहे, आणि ट्रक शिकायचा तर आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हवा. म्हणजे पोटासाठी स्टिअरिंग धरणाऱ्या ड्रायव्हरच्या मुलाने पायरीपायरीने चढायचे, आणि हौसेसाठी धरणाऱ्या शेठजींच्या मुलाला पहिल्याच दिवशी ताशी दोनशे किलोमीटर पळणारी गाडी खुली. अन्याय शोधायचाच तर तो इथे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे: परवाना अठराव्या वर्षीच द्या, पण पहिली दोन वर्षे मर्यादित. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीवरचा डबा पहिल्याच दिवशी कुणी सोडत नाही. न्यूझीलंडने 1987 पासून हाच मार्ग धरला. तिथे शिकाऊ आणि पूर्ण परवान्याच्या मध्ये एक मर्यादित परवाना असतो. तो असणाऱ्याने रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, आणि अनुभवी चालक शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचे नाही. कोवळ्या चालकाच्या गाडीत समवयस्क वाढले की जिवाचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांतही दिसले आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की परवाना रद्द होतो आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये नवख्यांना अतिशक्तिमान मोटारी चालवता येत नाहीत. आपल्याकडे मात्र अठराव्या वर्षी काढलेला परवाना थेट चाळिशीपर्यंत चालतो. मध्ये एकदाही कुणी विचारत नाही, बाबा रे, चालवतोस कसा?

आपल्या नियमांना आपली बेतणी हवी. पहिली दोन वर्षे रात्री अकरा ते पाच विनाकारण गाडी नको. मात्र रात्रपाळीचा कामगार आणि डिलिव्हरीवाला यांना मालकाच्या नोंदणीकृत पत्रावर सूट असावी, आणि त्यांच्या सुरक्षिततेचा भार मालकावरही पडावा. मोटारीत घरच्यांखेरीज एकच सोबती. रक्तातल्या मद्याची मर्यादा इतरांना 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम आहे, नवख्याला ती शून्य. शक्तिमान गाड्या दोन वर्षांनंतरच.

‘पाळणार कोण?’ हा शेवटचा प्रश्न ठरलेलाच. प्रत्येक चौकात हवालदार उभा करायची गरज नाही. ई-चलान परवान्याला जोडा, आणि ठरावीक गुन्हे भरले की परवाना आपोआप थांबू द्या. हेल्मेट घालायचे सगळेच पाळत नाहीत, म्हणून हेल्मेटचा नियम कुणी रद्द केलेला नाही. शिवाय घरोघरी ‘सगळ्यांना देतात, मलाच का नाही’ म्हणून चावी मागितली जाते, तेव्हा बापाला ‘कायद्यातच नाही’ असे ठणकावून सांगता येईल. मोटार वाहन कायद्यात एवढी दुरुस्ती व्हावी म्हणून लोकप्रतिनिधींच्या मागे लागणे, हे पुढच्या अपघातानंतर मेणबत्त्या घेऊन निघण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.