राखणीचा कुत्रा दाराशी बांधू नका

खतासाठी शेतात मेंढरे बसवली, की धनगराच्या कुत्रीचे पिल्लू पाहून पोरे हट्ट धरतात. पिल्लू गुबगुबीत व शांत असते, आपणही भुलतो. माझे मत असे, की कळप राखणाऱ्या कुत्र्याचे पिल्लू नुसत्या हौसेखातर घरी आणू नये.

हिमाचलचा गद्दी कुत्रा घ्या, काश्मीरचा बकरवाल घ्या, की तुर्कस्तानचा कांगल. यांचा स्वभाव राखणीसाठीच घडला आहे. मेंढरे वळवणारा कुत्रा मालकाच्या इशाऱ्याकडे पाहतो. राखणदार इशाऱ्याची वाट पाहत नाही. काय करायचे ते स्वतः ठरवतो. दिवसा सुस्त पडतो, रात्री भुंकतो. परक्यावरचा अविश्वास हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे.

घरी मात्र आपली मुलेच त्याचा कळप होतात. खेळात आरडाओरड झाली, तर शेजारचे पोर त्याला वैरी वाटू शकते. साखळीने तो अधिकच चिडतो. पुरती समज यायला त्याला सुमारे २ वर्षे लागतात. तेव्हा पिल्लाच्या शांतपणावर विसंबू नये.

ज्यांच्याकडे शेळ्यामेंढ्या व पक्के कुंपण आहे, त्यांनी जरूर पाळावा. दुसऱ्या महिन्यापासून शेळ्यांतच वाढवावा, पण माणसांचीही सवय लावावी. ३ महिन्यांचा होताच रेबीजची लस द्यावी. कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ज्याला राखायला कळप नाही, त्याने राखणदार आणू नये. त्यात मुक्या जिवाचेही हाल आहेत.