कादंबांचा हरभरा

मागचा हिवाळा आम्ही उभयतांनी लेकीकडे, कॅलिफोर्नियात काढला. एका शनिवारी रात्री जेवताना जावईबापू म्हणाले, "बाबा, उद्या पहाटे मित्राबरोबर हंसांच्या शिकारीला चाललोय. येता का?" त्यांनी नुकताच परवाना काढला होता म्हणे. माझा घास हातातच राहिला. जन्मभर मुलांना भूतदया शिकवली आणि शिकारी आपल्याच घरात निघाला! मी काही बोललो नाही. (न बोलणे हे माझे रागावणे असते, हे माझ्या विद्यार्थ्यांना आणि आमच्या सौ.ला चांगले ठाऊक आहे.) पण न पाहता मत बनवू नये, हेही मीच शिकवत होतो. पहाटे चारला कानटोपी घालून तयार झालो.

सॅक्रामेंटोच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर भातशेती आहे. भात कधीच कापून झाले होते, तरी खाचरे पाण्याने भरलेली. बांधात पुरलेल्या लोखंडी पिंपात आम्ही तिघे उकिडवे बसलो. माझ्या गुडघ्यांनी केलेली कुरकुर इथे लिहीत नाही. मित्र शेतकऱ्याचाच मुलगा. त्याला विचारले, "अरे, पीक नाही, मग हे पाणी कशाला?"

तो म्हणाला, पूर्वी कापणीनंतर सगळे पेंढा जाळायचे. धुराच्या तक्रारी वाढल्या आणि १९९१ साली कायदा करून जाळणे टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. मग शेतकऱ्यांनी हिवाळ्यात शेतात पाणी सोडून पेंढा कुजवायला सुरुवात केली. त्या खोऱ्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त पाणथळ जमीन शेतीने आणि वस्तीने केव्हाच गिळली होती. उत्तर ध्रुवाकडून येणाऱ्या पक्ष्यांना ही पाण्याने भरलेली शेतेच आसरा झाली. ते सांडलेले दाणे खातात, चिखल तुडवतात, पेंढा लवकर कुजतो.

उजाडले आणि आकाश आवाजाने भरून गेले. स्नो गूज, म्हणजे आपल्या कादंबाचे पांढरे भाऊबंद, हजारोंनी उठले. मी बघतच राहिलो. मग बार झाला. एक पक्षी गोळा होऊन पाण्यात पडला. कुत्रा पोहत गेला आणि त्याला तोंडात धरून घेऊन आला. मान लोंबत होती. मी नजर वळवली. त्या रात्री घरात जे शिजले ते मी खाल्ले नाही.

परतताना गाडीत मित्राने एक तिकीट दाखवले. डक स्टॅम्प. १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला ते दरवर्षी घ्यावेच लागते. किंमत २५ डॉलर, आणि डॉलरमागे ९८ सेंट पक्ष्यांसाठी जमीन राखण्यात जातात. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे. शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून बंदी, कारण ते गिळून पक्षी मरत. तो म्हणाला, "मी वर्षाला थोडे पक्षी मारतो, पण त्यांच्या घराचे भाडेही भरतो." उत्तर सुचले नाही. त्याऐवजी आठवला माझा चुलतभाऊ.

आमचे गाव पैठणजवळ. १९७६ साली जायकवाडी धरण पुरे झाले आणि आमची बरीचशी जमीन नाथसागरात गेली. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळपेरीत भाऊ हरभरा टाकायचा. अजूनही टाकतो. त्याच सुमारास तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब उतरतात आणि रात्रीतून कोवळा हरभरा खुडून नेतात. १९८३ साली त्याने फासे लावून दोन कादंब धरले. मी मास्तर! त्याच्या मुलांसमोर त्याला कायदा सांगितला, पाप सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, पक्षी तुमचा पगार खात नाहीत." पुढे दोन वर्षे तो आमच्या उंबऱ्यावर आला नाही. १९८६ मध्ये नाथसागर अभयारण्य झाले. मला वाटले, जिंकलो.

मंडळी, शिकार चांगली असे मी म्हणत नाही. बंदूक हातात आली की माणसाचे काय होते, ते भरतपूरला दिसले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे ती योग्यच आहे, ती उठू नये. मुद्दा वेगळा आहे. तिकडे ज्याला पक्षी हवेत तो खिशात हात घालतो. इकडे पक्षी हवेत आपल्याला, म्हणजे दुर्बीण गळ्यात अडकवून रविवारी जाणाऱ्यांना, आणि खर्च सोसतो तो गाळपेरीवाला. आधी त्याची जमीन पाण्यात गेली, आता उरलेला हरभरा पक्ष्यांच्या पोटात. माझ्या भावाला त्यापोटी आजवर कुणी एक रुपया दिलेला नाही. मीही नाही. आपण मारत नाही एवढ्यावर आपण अहिंसक ठरलो. ही अहिंसा दुसऱ्याच्या शेतावर उभी आहे.

पक्षी पाहायला जाणाऱ्याने तिकीट काढावे आणि ते पैसे ज्याचे पीक खाल्ले गेले त्याच्या हातात पडावेत, इतके साधे माझे म्हणणे आहे. पण सरकारने करावे म्हणून वाट पाहत बसलो तर माझे वय थांबणार नाही. परत आल्यावर मी भावाला फोन केला. म्हटले, "यंदा दहा गुंठे हरभरा कादंबांच्या नावाने सोड, राखण करू नकोस. पैसे माझ्या पेन्शनमधून."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "दादा, ते दहा गुंठे कुठले, हे त्यांना तुम्हीच येऊन समजावून सांगा. तुम्ही मास्तर आहात."

डिसेंबरात जाणार आहे. चाळीस वर्षांपूर्वीची माफीही तेव्हाच मागेन म्हणतो.