पहिल्या तासाचा प्रश्न

प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यातील हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. आत शस्त्रक्रिया होऊन बाळ जन्मास आलेले असते, बाळंतीण अद्याप टेबलावरच असते, आणि बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या बापाच्या किंवा मामाच्या हाती एक चिठ्ठी पडते : अमुक पावडरीचा डबा घेऊन या. मामा धावत औषधांच्या दुकानात जातो. डबा कशासाठी, किती दिवसांसाठी, हे विचारण्याचे भान त्या घटकेस कोणाला असणार? आईने बाळाचे मुख पाहण्यापूर्वीच त्याच्या तोंडी पावडरीचे दूध लागते. आणि सटी उलटते न उलटते तोच ‘हिला दूधच कमी’ असा निकाल घरातील वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात.

हा निकाल बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. आईचे दूध म्हणजे अगोदर भरून ठेवलेला हौद नव्हे. तो झरा आहे, उपसावा तसा वाहणारा. बाळ ओढते म्हणून दूध उतरते. बाटलीने पोट भरलेले बाळ ओढत नाही, न ओढल्याने दूध आटते, आणि आटले म्हणून दुसरी बाटली येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर चीक चमचा-दोन चमचेच असतो हे खरे. परंतु नवजात अर्भकाचे जठरही त्याच मापाचे असते, आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्या चिकात जितकी असतात तितकी पुढील दुधातही नसतात. गाईच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटून आवडीने खाणारे आम्ही लोक, सुनेचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकावयास लावीत आलो आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट टेकवीत आलो. तेव्हा सारा दोष डबाबंद दुधाच्या कारखानदारांच्या माथी मारून आम्हांस हात झटकता येणार नाहीत.

तथापि त्यांचा दोष लहानही नाही. 1939 साली सिंगापूर येथे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी ‘दूध आणि खून’ अशा अर्थाच्या मथळ्याचे भाषण करून या व्यापारावर कोरडे ओढले होते. पुढे 1981 साली जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली, तेव्हा बाजूने 118 मते पडली आणि विरोधात एकच, अमेरिकेचे. आपल्या देशाने 1992 साली कायदाच केला आणि 2003 साली तो अधिक कडक केला. त्यानुसार या दुधाची जाहिरात करता येत नाही, मातांना फुकट नमुने देता येत नाहीत, डब्यावर बालकाचे चित्र छापता येत नाही, डॉक्टर वा परिचारिकेस भेटी देता येत नाहीत. कायदा मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा चांगला आहे. पण प्रसूतिकक्षातील सवय कायद्याने मोडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. 2015-16 मध्ये देशातील 78.9 टक्के प्रसूती रुग्णालयांत होत. 2019-21 मध्ये त्या 88.6 टक्क्यांवर गेल्या. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके मात्र 41.6 वरून 41.8 टक्क्यांवर आली, म्हणजे होती तेथेच राहिली. आमच्या गोव्यात तर जवळजवळ प्रत्येक बाळ रुग्णालयातच जन्मते, आणि शंभरांतील सुमारे चाळीस शस्त्रक्रियेने. त्यामुळे येथे पहिल्या तासाचा जाब आजीला नव्हे, रुग्णालयालाच विचारावा लागेल.

शस्त्रक्रिया झाली म्हणून थांबावे लागते, ही समजूतही बरोबर नाही. कंबरेखालचा भाग बधिर करून केलेल्या शस्त्रक्रियेत आई शुद्धीवर असते; दोघांची प्रकृती ठीक असेल तर बाळ तेव्हाच तिच्या छातीशी देता येते. त्यासाठी हवी असते ती शेजारी उभी राहून धीर देणारी परिचारिका. रात्रपाळीस एकटीनेच सारा कक्ष सांभाळणाऱ्या परिचारिकेने रडणाऱ्या बाळाला वाटी-चमचा लावला, तर तिला तरी किती बोल लावावा?

अपुऱ्या दिवसांची बालके, अत्यवस्थ माता, मातृवियोग, अशा प्रसंगी अन्य उपाय करावाच लागतो, आणि अशा मातेस कोणी खाली मान घालावयास लावू नये. तेथेही पहिला पर्याय डबा नसून दुसऱ्या मातेने दिलेले दूध हा आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी उभारून तो मार्ग दाखविला आहे. डबा खऱ्या अर्थाने घातक ठरतो तो गरिबाघरी. चार-पाच दिवसांत संपणारा डबा पुरवून पुरवून वापरताना पावडर कमी होते, पाणी वाढते, आणि ते पाणी उकळलेले असतेच असे नाही. प्रसूतीच्या 26 आठवड्यांच्या भरपगारी रजेचा 2017 चा कायदा बाजारात मासळी विकणाऱ्या आईपर्यंत पोहोचत नाही, हे दुखणे निराळेच.

आमची मागणी साधी आहे. पावडरीचे दूध हे औषधाप्रमाणे समजले जावे; ज्या बाळाला ते दिले त्याच्या केसपेपरवर कारण लिहून डॉक्टरांनी सही करावी, आणि ते कारण घरच्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगावे. आरोग्य खात्याने सरकारी व खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहाकडून दरमहा दोनच आकडे मागवावेत : किती बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाले, आणि किती बाळे घरी जाण्यापूर्वी डब्यावर गेली. हे आकडे फायलीत न ठेवता प्रसूतिगृहाच्या दर्शनी भागी, दरपत्रकाच्या शेजारी लावण्यात यावेत.