चाचांचा इतवार

शाबानच्या शेवटच्या जुम्याला असरनंतर मोहल्ल्याच्या मशिदीतून इंतकालचा ऐलान झाला, तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. नाव ऐकलं तरी क्षणभर लक्षात आलं नाही. त्या नावानं त्यांना कुणी हाक मारतच नसे. ‘रेडिओवाले चाचा’ एवढंच सगळ्यांना माहीत. मुलगा आतून धावत आला आणि म्हणाला, “अम्मी, चाचा गये.” इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. चाचींनी तसं सांगितलंय. “नाम लिखके क्या करना बेटा, पढनेवालों को दुआ करो बोलो.” तेव्हा वाचकांनी आधी दुआ करावी, मग पुढं वाचावं.

शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं टीव्ही आले, मग मोबाईल आले, दुकान लहान होत होत एका टेबलावर आलं. पण वरच्या माळ्यावर जे होतं ते कमी झालं नाही. तिथं छताला दोऱ्यांनी टांगलेली विमानं होती. काही थर्माकोलची, काही सनबोर्डची, दोन-तीन बाल्साच्या लाकडाची. बाल्सा म्हणजे हातात घेतलं तर लाकूड उचललंय असं वाटतच नाही, इतकं हलकं. हैदराबादला कॉलेजात असताना चाचा एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. तिथं त्यांना विमानांचे नमुने उडवायचा नाद लागला, तो गेला नाही. त्या काळात तारेवरची विमानं असत. उडवणारा मधोमध उभा, हातात दोन तारा, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतंय. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल. “वो एरंडी के तेल की बास अब्बी नाक में है,” असं ते सांगायचे, आणि चाची म्हणायच्या की माझ्या लग्नातल्या शेरवानीलाही तीच बास होती.

लहानपणी ते पतंगवाले. संक्रांतीच्या दिवसांत या शहरात कोण पतंगवाला नसतो? पण नायलॉनचा मांजा आला आणि त्यांनी पतंग सोडून दिला. 2017 साली हरित लवादानं त्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत गळे कापल्याच्या बातम्या येतातच. घारीच्या पंखात अडकलेला मांजा काढताना मी त्यांना एकदा पाहिलं. कातरीनं एकेक धागा कापत होते आणि विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि घेऊन देणाऱ्या बापाला असा सगळ्यांना बोलत होते. मी तिथून निमूट निघून गेले, कारण आमच्या घरातही त्या वर्षी तोच मांजा आला होता.

दर इतवारी फजरनंतर चाचा मोहल्ल्यातल्या पोरांना घेऊन निघायचे. एका रिक्षात सहा पोरं आणि चार विमानं. पोरांना वाटायचं, आमखास मैदान जवळ आहे, तिथंच उडवू. चाचा नाही म्हणायचे. चिकलठाण्याचा विमानतळ जवळ, शिवाय मैदानात क्रिकेट खेळणारी मुलं. म्हणून दौलताबादच्याही पुढं, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात. 2021 चे ड्रोनचे नियम आले तेव्हा त्यांनी माझ्या मुलाकडून ते सगळे वाचून घेतले. कुठला भाग हिरवा, कुठला पिवळा, कुठला लाल, हे समजून घेतलं आणि म्हणाले, “देखा? मैं पहलेइच बोल रा था.”

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवून चाचांवर लिहिणं बरोबर नाही. मी या इतवारांच्या विरोधात होते. मुलगा आठवीत, गणितात कच्चा, आणि दर रविवारी सकाळ बाहेर. शिक्षिकेच्या घरी हे? पालकसभेत मी दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलायचे आणि माझाच मुलगा खिशात रबरबँड घेऊन फिरायचा. एकदा मी दुकानात गेले आणि जरा चढ्या आवाजातच म्हटलं, “चाचा, ये खेल-तमाशे में बच्चों की पढाई जा री.” ते रागावले नाहीत. टेबलावरचा एक छोटा ग्लायडर उचलला, त्याचे पंख दोन बोटांच्या टोकांवर तोलले आणि मला म्हणाले, आपा, हे कुठं तोललं जातंय बघा. पुढच्या काठापासून पंखाच्या रुंदीचा साधारण एक तृतीयांश भाग सोडून. आता नाकावर मेणाचा गोळा लावला तर? शेपटीला लावला तर? मग त्यांनी मुलाला विचारलं. मुलानं कागदावर मांडून दाखवलं, आणि बरोबर दाखवलं. माझ्या मुलाला गुणोत्तर येतं हे मला त्या दिवशी कळलं. शाळेत त्याला ते कुणी विचारलं नव्हतं, असं नाही. मीच विचारलं होतं, पण उदाहरणात नळ आणि हौद होते.

इब्न फिरनासचा किस्सा तर ते प्रत्येक नव्या पोराला सांगायचे. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तब्यात अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. अंगाला पिसं आणि पंख लावून त्यांनी उंचावरून झेप घेतली, थोडं अंतर हवेत गेले, आणि उतरताना पाठीला मार बसला. अल-मक्करी या इतिहासकारानं नंतर लिहून ठेवलं की पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्याकडच्या मजलिसींत हा किस्सा ‘विमान आम्हीच शोधलं’ असा अभिमानानं सांगितला जातो. चाचांना त्यात रस नव्हता. ते किस्सा पाठ दुखावली इथंच थांबवायचे आणि म्हणायचे, “तो मियाँ, पहले दुम बनाव, परां बाद में.” पोरं शेपटी कापायला बसायची.

सूरह मुल्कमध्ये पक्ष्यांच्या पंख पसरण्याची जी आयत आहे, ती त्यांची आवडती. रानात गेलं की आधी ते घारी शोधायचे. सकाळी नऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर चढते, आणि घार त्या हवेत पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाते. बिनमोटरचा ग्लायडर तिच्याखाली नेऊन सोडला तर तोही वर चढतो. घार दाखवायची, ग्लायडर सोडायचा आणि आयत म्हणायची, असा त्यांचा क्रम होता. दर्स वेगळा आणि खेळ वेगळा, असं त्यांच्याकडं काही नव्हतं.

मग साखरेनं त्यांचे डोळे घेतले. आधी डावा, मग उजवाही धूसर. लेझरचे उपचार झाले, पण फार उशीर झाला होता. (घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. नजर चांगली आहे म्हणून थांबू नका. बिघाड आधी होतो, दिसेनासं नंतर होतं. चाचाही “अच्छा दिखरा” म्हणतच थांबले होते.) आम्हाला वाटलं, इतवार आता बंद. हातातलं बोट जेमतेम दिसणारा माणूस आकाशातलं दोन फुटांचं विमान कसं बघणार?

त्याच सुमारास मी त्यांना मेनार्ड हिल यांची हकीकत वाचून दाखवली. माझ्याकडून तेवढं एक चांगलं काम घडलं. हिल हे अमेरिकेतले विमानांच्या नमुन्यांचे जुने उडवणारे. 9 ऑगस्ट 2003 रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरून त्यांनी स्वतःच्या हातानं एक बाल्साचं विमान आकाशात फेकलं. वजन पाच किलोच्या आत, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं वजन इंधनाचंच. पंखांची लांबी सुमारे सहा फूट. ते विमान सुमारे 39 तास उडत राहिलं, तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून, अटलांटिक ओलांडून 11 ऑगस्टला आयर्लंडच्या क्लिफडेनजवळच्या किनाऱ्यावर उतरलं. 1919 मध्ये अल्कॉक आणि ब्राउन हे वैमानिक न थांबता अटलांटिक ओलांडून आले, तेही क्लिफडेनजवळच उतरले होते. हिल यांची आधीची विमानं समुद्रात गेली होती. हे पाचव्या क्रमांकाचं. उतरवताना टाकीत इंधन घोटभरच उरलं होतं. तेव्हा हिल 77 वर्षांचे होते, आणि त्यांना नीट दिसत नव्हतं, नीट ऐकूही येत नव्हतं. दिशा सांभाळायला उपग्रहावर चालणारी यंत्रणा होती, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर रिमोट घेऊन त्यांचा सहकारी डेव्ह ब्राउन उभा होता. 2011 मध्ये हिल वारले.

चाचांनी हे दोनदा वाचायला लावलं. इंधनाचं वजन तिसऱ्यांदा विचारलं. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “उतारा किसी और ने ना? अच्छा है. ऐसा बी चलता.”

पुढच्या इतवारी ते गेले. त्यानंतर पावसाळा सोडला तर एकही इतवार चुकला नाही. रिमोट पोरांच्या हाती आणि चाचा शेजारी खुर्चीवर. मोटरच्या आवाजावरून त्यांना कळायचं की नाक वर आहे की खाली. बाकीचं पोरांनी सांगायचं.

माझ्या वर्गातली एक मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं मला विचारलं, टीचर, तिथं फक्त मुलंच जातात का? मी ‘अम्मीला विचार’ म्हणून सुटका करून घेतली. अम्मी नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. पण अम्मी स्वतःच मला भेटायला आली आणि म्हणाली, तुम्ही येत असाल तर पाठवते. म्हणजे गाठ माझ्याच गळ्यात. त्या इतवारी रिक्षात आम्ही दोघी आणि मांडीवर विमान.

चाचांनी तिला कोण, कुठली, काही विचारलं नाही. “डावा हात कौनसा?” एवढं विचारलं आणि रिमोट दिला. ज्यांनी हे उडवलं नाही त्यांच्यासाठी सांगते: विमान दूर जाताना सगळं सोपं असतं. ते तुमच्याकडं तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. तुम्ही सावरायला जाता आणि विमान आणखी कलंडतं. नव्या पोरांची विमानं इथंच पडतात. तिचंही कलंडलं. ती ओरडली, “चाचा, इधर का पर नीचे जा रा!”

“जिधर का पर झुका, काडी उधरीच दबाव.”

तिनं दाबली. पंख सरळ झाला. चाचांनी मान वर केली होती, पण चेहरा विमान होतं त्याच्या भलत्याच बाजूला. ते मोटर ऐकत होते. आठ मिनिटांनी, बॅटरी संपायच्या आधी, तिनं ते ढेकळांत उतरवलं. पंखा मोडला. चाचांनी मोडका पंखा हातात घेऊन चाचपला आणि बरोबर वीस रुपये सांगितले. उधारी ते कुणाची ठेवत नसत.

त्यानंतर चाचांचे डोळे म्हणजे तीच मुलगी. मुलं ‘भारी चाललंय’ एवढंच सांगायची. ती सांगायची: उंची दोन नारळाच्या झाडांएवढी, डावा पंख किंचित खाली, घार उजवीकडं. आता ती पॉलिटेक्निकला आहे. जनाज्याच्या दिवशी ती आमच्या घरी, चाचींपाशी बसून होती. कब्रस्तानात मुलगा गेला होता. पुण्याहून, जालन्याहून, एक जण तर नाशिकहून रात्रीच्या बसनं आला. मुलगा म्हणाला, माती देताना सगळे इतवारवाले एका रांगेत आले. कुणी ठरवलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात चाचींनी मला माळ्यावर बोलावलं. घराची डागडुजी करायची आहे, हे सगळं उतरवा म्हणाल्या. आम्ही तिघांनी उतरवलं. मोजली तर धड म्हणावीत अशी सात विमानं, दोन रिमोट, बॅटऱ्यांचा पत्र्याचा डबा, आणि एका बिस्किटाच्या पुड्यात मोडके पंखे, प्रत्येकावर चिठ्ठी: कुणी मोडला, कधी मोडला. त्यांना दिसेनासं झाल्यानंतरच्या चिठ्ठ्या पोरांच्या अक्षरात आहेत. एक चिठ्ठी माझ्या मुलाची, गणिताच्या परीक्षेच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी तो मशिदीत अभ्यासाला गेलाय असं मला सांगण्यात आलं होतं.

भंगारवाल्याला द्यायचं का, असं चाचींनी विचारलं, पण विचारताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. आम्ही सामान आमच्या गच्चीवरच्या खोलीत आणलं. रमजान संपला की ईदनंतरच्या पहिल्या इतवारी फजरनंतर निघायचं ठरलंय. रिक्षावाला तोच. मोहल्ल्यातल्या कुणाच्या मुलाला किंवा मुलीला यायचं असेल तर आदल्या दिवशी मला शाळेत सांगावं. पंखा मोडला तर वीस रुपये.